कल्पित जर्मॅनिक भाषेची घडण : ध्वनिबदलांचा क्रम आणि त्याची मांडणी

कादंबरीसाठी, एखाद्या खेळासाठी किंवा निव्वळ हौसेखातर कल्पित भाषा रचणारे बहुतेक जण ध्वनींच्या यादीपासून सुरुवात करतात. कोणती व्यंजने ठेवायची, कोणते स्वर घ्यायचे, हे एकदा ठरले की त्या ध्वनींतून शब्द जुळवायचे, असा तो सरळ मार्ग असतो. ज्या भाषेला जगातील कोणत्याही भाषाकुळाशी नाते सांगायचे नाही तिच्यासाठी तो पुरेसा आहे. जर्मॅनिक म्हणवणाऱ्या भाषेला मात्र तो पुरत नाही, कारण इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश, आइसलँडिक यांच्यातील नाते ध्वनींच्या सारखेपणावर उभे नसून नियमित फरकांवर उभे आहे. इंग्रजीत जेथे ‘ट’ तेथे जर्मनमध्ये शब्दारंभी ‘त्स’ येतो आणि हे एका शब्दात नव्हे, तर शब्दांच्या रांगाच्या रांगांत घडते. म्हणून अशी भाषा रचणाऱ्याने ध्वनी निवडण्याऐवजी बदल निवडावेत, त्यांचा क्रम लावावा आणि जुने शब्द त्या क्रमातून काढावेत. ध्वनींची यादी त्यातून आपोआप हाती येते.

पुढील उदाहरणांसाठी लेखनाचे काही संकेत ठरवणे आवश्यक आहे. दात आणि ओठ यांमधून घासत जाणारा ध्वनी येथे ‘फ़’ असा लिहिला आहे. इंग्रजी ‘थ्री’ या शब्दाच्या आरंभी जीभ दातांना लावून काढला जाणारा घर्षक ध्वनी ‘थ़’, त्याचे घोष रूप ‘द़’, कंठातील घर्षक ‘ख़’ आणि ‘स’चे घोष रूप ‘ज़’ असे दाखवले आहे. ए आणि ओ हे स्वर दीर्घ असतील तेव्हा त्यांच्यापुढे अवग्रह दिला आहे. अवग्रह नसल्यास ते ऱ्हस्व समजावेत. आघात असलेला ‘अ’ हा ऱ्हस्व ‘आ’सारखा उच्चारावा, आणि शब्दाच्या शेवटच्या व्यंजनातील ‘अ’ मराठीप्रमाणेच उच्चारू नये. तारांकित शब्द लेखी पुराव्यात सापडलेले नसून अभ्यासकांनी तुलनेने पुनर्रचित केलेले आहेत.

पहिली पायरी : मूळ जर्मॅनिकची ओळख

सर्व जर्मॅनिक भाषांच्या मुळाशी असलेली आदिजर्मॅनिक भाषा लिहून ठेवलेली नाही. ती पुनर्रचित आहे. तिची ओळख ज्या बदलाने होते तो डॅनिश अभ्यासक रास्मुस रास्क यांनी १८१८मध्ये दाखवून दिला आणि याकोप ग्रिम यांनी १८२२मध्ये सूत्रबद्ध केला. संस्कृत जाणणाऱ्या वाचकाला तो समजण्यास विशेष सोपा आहे. मूळ प, त, क यांचे अनुक्रमे फ़, थ़, ख़ (शब्दारंभी ह) झाले. ब, द, ग यांचे प, त, क झाले. आणि भ, ध, घ यांचा महाप्राण जाऊन ब, द, ग किंवा त्यांची घर्षक रूपे उरली. म्हणूनच ‘त्रि’शेजारी इंग्रजी ‘थ़्री’, ‘दश’शेजारी गॉथिक या लुप्त जर्मॅनिक भाषेतील ‘तेहुन’, ‘युग’शेजारी गॉथिक ‘युक’ आणि ‘भ्रातृ’शेजारी गॉथिक ‘ब्रोऽथ़र’ असे शब्द उभे राहतात.

या नियमाच्या मर्यादा नियमाइतक्याच उपयोगी आहेत. ‘स’च्या लगेच पुढे आलेला स्पर्श (प, त, क यांसारखे व्यंजन) बदलत नाही, म्हणून ‘अस्ति’मधील ‘त’ गॉथिक ‘इस्त’मध्ये जसाच्या तसा आहे. दोन अघोष स्पर्श जोडून आले तर पहिलाच बदलतो. ‘अष्टौ’ आणि लॅटिन ‘ओक्तो’ यांच्याशी नाते सांगणारा गॉथिक ‘अख़्तउ’ त्याची साक्ष देतो. काही शब्दांत मात्र अपेक्षित ‘थ़’ऐवजी ‘द़’ दिसत होता आणि त्याचे कारण कार्ल व्हेर्नर यांना वैदिक स्वराघातात सापडले. त्यांचा तो लेख १८७७मध्ये छापला गेला. ‘भ्रातृ’ शब्दात आघात आरंभी असल्याने गॉथिकमध्ये ‘ब्रोऽथ़र’ असा अघोष ध्वनी आहे, तर ‘पितृ’ शब्दात आघात मागाहून येत असल्याने ‘फ़द़र’ असा घोष ध्वनी आहे. इंग्रजीतील ‘वॉझ’ आणि ‘वर’ या एकाच क्रियापदाच्या रूपांतील फरक याच नियमाचा अवशेष आहे. कल्पित भाषेत अशी दोन-चार क्रियापदे ठेवली, तर जाणकार वाचक तिच्यावर लगेच विश्वास ठेवतो.

स्वरांबाबत थोडक्यात सांगता येते. मूळ ऱ्हस्व ‘ओ’चा ‘अ’ झाला आणि दीर्घ ‘आ’चा ‘ओऽ’ झाला. परिणामी आदिजर्मॅनिकमध्ये ऱ्हस्व ‘ओ’ आणि दीर्घ ‘आ’ यांच्या जागा रिकाम्या राहिल्या. या रिकाम्या जागा कन्याभाषांनी पुढे वेगवेगळ्या प्रकारे भरल्या. आपली भाषा त्या कशा भरते, हा तिच्या स्वभावाचा भाग ठरतो.

सर्वांत दूरगामी बदल आघाताचा आहे. वैदिक भाषेत शब्दागणिक जागा बदलणारा आघात जर्मॅनिकमध्ये शब्दाच्या पहिल्या अक्षरावर स्थिर झाला आणि त्यानंतर शब्दांची शेपटे झिजू लागली. आदिजर्मॅनिक ‘*दगज़’ म्हणजे दिवस. त्याचे गॉथिकमध्ये ‘दग्स’, स्कँडिनेव्हियातील प्राचीन नॉर्समध्ये ‘दग्र’ आणि जर्मनमध्ये ‘टाग’ झाले. सुमारे पाचव्या शतकाच्या आरंभीच्या डेन्मार्कमधील गालेहुस येथे सापडलेल्या शिंगावरील रूनिक (जुन्या जर्मॅनिक लिपीतील) लेखात ‘ख़्लेवगस्तिज़’ हे नाव पूर्ण शेवटासह कोरलेले होते. शतकागणिक ते शेवट गळत गेले. कल्पित भाषेत पहिल्या अक्षराचा आघात आणि शेवटांची झीज या दोन गोष्टी नसतील, तर बाकी कितीही कष्ट घेतले तरी ती जर्मॅनिक वाटत नाही.

दुसरी पायरी : भाषेला पत्ता द्यावा

कोणते बदल घ्यायचे हे ठरवण्याआधी ती भाषा कोठे, केव्हापासून आणि कोणाच्या शेजारी बोलली जाते हे निश्चित करावे. जर्मॅनिक इतिहासात यासाठी सोयीच्या रिकाम्या जागा पुष्कळ आहेत. पूर्व शाखेतील गॉथिक आपल्याला वुल्फिला यांच्या चौथ्या शतकातील बायबल-भाषांतरामुळे बऱ्यापैकी माहीत आहे, परंतु व्हँडल, बर्गंडियन या जर्मॅनिक टोळ्यांच्या भाषांतील नावांपलीकडे फारसे काही उरलेले नाही. क्रिमियात गॉथिकची एक बोली सोळाव्या शतकातही जिवंत होती आणि बुस्बेक या फ्लेमिश राजदूताने तिचे काही शब्द टिपून ठेवले, म्हणजे एखादी बोली डोंगरात हजार वर्षे टिकली अशी कल्पना ओढूनताणून आणलेली ठरत नाही.

येथे उदाहरणासाठी व्हँडलांची निवड केली आहे. गाइज़रिकच्या नेतृत्वाखाली ते ४२९मध्ये आफ्रिकेत उतरले, ४३९मध्ये त्यांनी कार्थेज घेतले आणि ५३४पर्यंत बायझंटाइन सेनापती बेलिसारिउसच्या सैन्याने त्यांचे राज्य संपवले. त्यांच्यातील एक गट आजच्या अल्जीरियातील ओरेस डोंगरात गेला आणि तेथेच राहिला, एवढी एकच गोष्ट आपण कल्पिली. या एका वाक्याने पुढचे अनेक निर्णय सोपे होतात. मूळ शब्द पूर्व जर्मॅनिक असतील, त्यामुळे पुराव्यासाठी गॉथिककडे जाता येईल. शेजारी प्रथम लॅटिन व बर्बर आणि नंतर अरबी असेल, त्यामुळे उसनवारीचे थर त्याच क्रमाने लागतील. अरबी आणि बर्बर या दोन्हींत ‘प’ हा ध्वनी मुळात नाही, तर अभिजात अरबी व कबायली बर्बर यांत ‘थ़’ आहे. तेव्हा आपल्या भाषेने ‘प’ गमावला आणि ‘थ़’ सांभाळला, हे शेजाराला धरून होईल. जर्मन व डच भाषांनी ‘थ़’चा ‘द’ केला, स्वीडिशने ‘त’ केला. इंग्रजी व आइसलँडिक यांनी तो राखला. अशा प्रत्येक निवडीमागे कारण असले की भाषा मनमानी वाटत नाही.

तिसरी पायरी : बदल निवडणे

कन्याभाषांनी केलेल्या बदलांचा साठा मोठा आहे आणि त्यातून हवे ते उचलता येते. उच्च जर्मनने प, त, क यांना दुसऱ्यांदा सरकवले, म्हणून इंग्रजी ‘वॉटर’समोर जर्मन ‘वासर’ आणि ‘मेक’समोर ‘माख़न’ आहे. उत्तर समुद्राच्या काठच्या बोलींनी घर्षकाआधीचा अनुनासिक गाळून स्वर लांबवला. जर्मन ‘फ्युन्फ’ आणि ‘गान्स’ यांच्यासमोर इंग्रजी ‘फाइव्ह’ व ‘गूस’ असण्याचे कारण तेच. इंग्रजी आणि फ्रिझियन यांनी पुढच्या स्वरांआधीचा ‘क’ तालव्य केला, तर जर्मनने तो राखला: ‘चर्च’ आणि ‘किर्ख़े’. पश्चिम आणि उत्तर शाखांत ‘ज़’चा ‘र’ झाला.

या साठ्यातून सगळेच घेण्याचा मोह टाळावा. जर्मनचे कठोर ध्वनी, स्वीडिशचे सूर आणि आइसलँडिकची जुनी अक्षरे एकाच भाषेत कोंबली की ती कोणत्याच भाषेची बहीण राहत नाही. माझ्या मते सहा ते दहा बदल पुरेसे असतात, मात्र त्यांपैकी दोन-तीन तरी असे असावेत जे कोणत्याही खऱ्या भगिनीभाषेत नेमके त्याच रूपात आढळत नाहीत.

आपल्या डोंगरी व्हँडलसाठी निवडलेले बदल असे आहेत. प्रथम, मूळ ‘इ’ किंवा ‘ए’ यांच्याआधी ‘क’चा ‘च’, ‘ग’चा ‘य’ आणि ‘स्क’चा ‘श’ झाला. दुसरा बदल उम्लाउटचा: पुढच्या अक्षरात ‘ई’ किंवा ‘य’ असेल तर आघातयुक्त ‘अ’चा ‘ए’, ‘ओऽ’चा ‘एऽ’ आणि ‘उ’चा ‘इ’ झाला. तिसऱ्या बदलात दोन स्वरांमधील ‘ब’चा ‘व’ झाला आणि त्यानंतर, चौथ्या बदलात, सर्व ‘प’चे ‘ब’ झाले. पाचव्यात शब्दाच्या शेवटचा ‘स’ गळाला, परंतु तो व्यंजनापुढे किंवा आघातहीन अक्षरात असेल तरच. सहाव्यात शब्दाच्या टोकाला उघडे पडलेले आघातहीन स्वर गळाले आणि त्यामागे लटकत राहिलेला ‘य’ही गेला. उरलेल्या आघातहीन ऱ्हस्व स्वरांचा एकच मंद ‘अ’ झाला.

पाचव्या नियमातील अटीकडे दुर्लक्ष करू नये. ती नसती तर घराचा अर्थ असणारा ‘हूस’ नुसता ‘हू’ होऊन बसला असता. नियम लिहिताना तो कोठे लागतो याइतकेच तो कोठे लागत नाही हेही शब्दांत लिहून ठेवावे; नाहीतर चारशेव्या शब्दाला आपला निर्णय काय होता हे आठवत नाही.

चौथी पायरी : क्रम

एकाच नियमसंचातून, केवळ क्रम बदलून, दोन वेगळ्या भाषा निघू शकतात. याचे उत्तम उदाहरण इंग्रजीतच आहे. ‘चिन’ म्हणजे हनुवटी आणि ‘किंग’ म्हणजे राजा. आज दोन्ही शब्दांत ‘इ’ आहे, पण पहिल्यात ‘च’ तर दुसऱ्यात ‘क’. पहिल्यातील ‘इ’ मुळापासून होती. दुसरा शब्द ‘*कुनिङ्गज़’ असा होता आणि त्यातील ‘उ’ उम्लाउटने पुढे सरकला तो तालव्यीकरणाची वेळ टळून गेल्यावर, म्हणून त्याच्यातील ‘क’ वाचला.

आता आपल्या भाषेतील ‘पाहुणा’ हा शब्द घेऊ. गॉथिकमध्ये तो एकवचनी ‘गस्त्स’ आणि अनेकवचनी ‘गस्तीस’ आहे. एकवचनातील मूळ ‘इ’ आपल्या आरंभबिंदूपूर्वीच, म्हणजे गॉथिकसारख्या रूपांच्या आधीच, गळालेली आहे, त्यामुळे तेथे उम्लाउट होत नाही. अनेकवचनातील दीर्घ ‘ई’ शिल्लक असल्याने तेथे तो होतो. तालव्यीकरण आधी घडून गेलेले असल्याने उम्लाउटमधून निर्माण झालेला ‘ए’ मागच्या ‘ग’ला स्पर्श करत नाही. मग शेवटचा ‘स’ जातो, ‘ई’ जाते आणि ‘गस्त’–‘गेस्त’ अशी जोडी हाती येते. पहिले दोन नियम उलटे लावले असते तर हीच जोडी ‘गस्त’–‘येस्त’ झाली असती. दोन्ही पर्याय ग्राह्य आहेत. दुसरा अधिक रानटी आणि मला अधिक आकर्षक वाटतो, परंतु तो सर्वत्र लागू करावा लागेल आणि त्यामुळे अनेक शब्दांची ओळख पुसली जाईल, म्हणून येथे पहिला ठेवला आहे.

याच पद्धतीने ‘हन्दुस’–‘हन्द्युस’ म्हणजे हात यांचे ‘हन्द’–‘हेन्द’, ‘फ़ोऽतुस’–‘फ़ोऽत्युस’ म्हणजे पाय यांचे ‘फ़ोऽत’–‘फ़ेऽत’ आणि ‘सुनुस’–‘सुन्युस’ म्हणजे मुलगा यांचे ‘सुन’–‘सिन’ होते. गाल या अर्थाचा ‘किन्नुस’ ‘चिन्न’ होतो आणि जहाज या अर्थाचा ‘स्किप’ ‘शिब’ होतो. तिसरा व चौथा नियम याच क्रमाने ठेवल्यामुळे ‘गिबन’, म्हणजे देणे, याचे ‘यिवन’ होते, पण ‘स्लेऽपन’, म्हणजे झोपणे, याचे ‘स्लेऽबन’ एवढ्यावरच थांबते. क्रम उलटा असता तर ‘स्लेऽपन’ही ‘स्लेऽवन’पर्यंत गेले असते आणि दोन जुने ध्वनी त्या जागी एकत्र मिसळले असते.

शब्द हाताने चालवणे सुरुवातीला आवश्यक आहे, कारण त्यातूनच नियमांतील भोके दिसतात. पन्नासेक शब्द झाल्यावर मात्र ते काम तक्त्यावर किंवा ध्वनिबदल लावून देणाऱ्या एखाद्या छोट्या संगणकीय साधनावर सोपवावे. तक्त्यात प्रत्येक नियमाला स्वतंत्र स्तंभ द्यावा, म्हणजे चूक कोणत्या टप्प्यावर शिरली ते सापडते.

पाचवी पायरी : नियमांनी केलेली मोडतोड आणि तिची दुरुस्ती

नियम आंधळे असतात, त्यामुळे काही ठिकाणी ते व्याकरण मोडतात. दिवस या अर्थाच्या ‘दग्स’चे ‘दग’ झाले आणि त्याच्या अनेकवचनाचे, ‘दगोऽस’चेही, ‘दग’च झाले. हा दोष समजून नियम बदलू नयेत, कारण खऱ्या भाषांतही नेमके असेच घडते आणि बोलणारे त्यावर सादृश्याने, म्हणजे दुसऱ्या शब्दांच्या नमुन्यावरून, उपाय शोधतात. मान या अर्थाचा ‘हल्स’ येथे मोठा मजेशीर ठरतो. एकवचनातील ‘स’ हा धातूचाच भाग असूनही नियमाने गळून ‘हल’ उरतो. अनेकवचनी ‘हल्सोऽस’चा टोकाचा ‘स’ आधी जातो, मग ‘ओऽ’ जातो आणि ‘हल्स’ शिल्लक राहतो. म्हणजे कोणी न ठरवता एक ‘स’कारान्त अनेकवचन तयार झाले.

आता ‘दग’चे अनेकवचन ‘हल–हल्स’च्या नमुन्यावर ‘दग्स’ होणार की ‘गस्त–गेस्त’च्या नमुन्यावर ‘देग’, हा निर्णय रचणाऱ्याचा आहे. पहिल्या नमुन्याचे शब्द अगदी थोडे आहेत आणि दुसऱ्याचे पुष्कळ व रोजच्या वापरातील आहेत, त्यामुळे ‘देग’ हे उत्तर अधिक संभवनीय आहे. जर्मनमध्येही झाड या अर्थाच्या ‘बाउम’ला ‘बॉय्मे’ हे अनेकवचन असेच उसन्या उम्लाउटने मिळालेले आहे. सादृश्याचा वापर मात्र जपून करावा. प्रत्येक अनियमित रूप सरळ करत गेल्यास नियम लावण्याचे सारे श्रम वाया जातात. अतिशय वापरातले शब्द अनियमित राहू द्यावेत.

विभक्तींचेही तेच होते. चतुर्थीचा ‘गस्त’ आणि प्रथमेचा ‘गस्त’ एकरूप झाल्यावर वाक्यातील क्रमाला महत्त्व येते, आणि क्रियापद दुसऱ्या जागी ठेवण्याची बहुतेक जर्मॅनिक भाषांतील रीत येथे आयती उपयोगी पडते.

सहावी पायरी : उसने शब्द

उसना शब्द कोणत्या बदलाच्या आधी आला यावर त्याचे रूप ठरते. जर्मनमध्ये मिरीचा लॅटिन ‘पिपेर’ दुसऱ्या व्यंजनबदलाच्या आधी आला म्हणून त्याचे ‘फेफर’ झाले; कागदाचा ‘पापिअर’ पुष्कळ नंतर आला म्हणून त्यातील ‘प’ शाबूत आहे. आपल्या भाषेत पेटीसाठीचा लॅटिन ‘किस्त’ तालव्यीकरणापूर्वी आला असे मानल्यास तो ‘चिस्त’ होईल, तर अरबी ‘किताब’ त्यानंतर आल्याने त्यातील ‘कि’ तसाच राहील. याचा सूक्ष्म परिणाम असा की ‘इ’आधीचा ‘क’, जो भाषेतून नाहीसा झाला होता, तो उसन्या शब्दांच्या वाटेने परत येतो आणि ‘क’ व ‘च’ हे आता स्वतंत्र स्वनिम, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलू शकणारे वेगळे ध्वनी, ठरतात. प्रत्येक थरातील दहा-पंधरा शब्द तरी असे बेतावेत आणि त्यांचा विषय शेजाराच्या स्वरूपाशी जुळवावा: लॅटिनकडून शेती व बांधकाम, अरबीकडून धर्म व लेखन.

सातवी पायरी : यादी तपासणे आणि लिपी

सगळे बदल लावून झाल्यावर आता उरलेल्या ध्वनींची यादी मांडावी. आपल्या भाषेत ब, त, द, क, ग हे स्पर्श आहेत आणि ‘प’ची जागा रिकामी आहे; फ़, थ़, स, श, ह हे घर्षक, ‘च’, अनुनासिके, ‘र’, ‘ल’, ‘य’ आणि ‘व’ आहेत. जुना ओठ गोल करून उच्चारलेला ‘व’ आणि ‘ब’पासून आलेला नवा ‘व’ यांचा एकच ध्वनी झाला असे ठरवले आहे. यादी थोडी वाकडी दिसली तरी हरकत नाही. अगदी सममित यादीच संशयास्पद असते. शब्दारंभीच्या जोडाक्षरांकडे मात्र पाहावे. जर्मॅनिकमध्ये ‘क्न’, ‘व्र’, ‘ह्ल’, ‘ह्र’ चालतात; मूळ ‘स्र’मध्ये ‘त’ शिरतो, म्हणूनच संस्कृत ‘स्रवति’च्या धातूपासून इंग्रजी ‘स्ट्रीम’ निघाला. यांपैकी कोणती जोडाक्षरे टिकली याचा निर्णय लिहून ठेवावा.

लिपीचा विचार शेवटी करावा, कारण आधी केल्यास अक्षरेच ध्वनी ठरवू लागतात. लिपीने प्रत्येक ध्वनी दाखवलाच पाहिजे असे नाही: जुन्या रूनिक वर्णमालेत २४ चिन्हे होती, तर भाषेतील स्वर वाढत असतानाच स्कँडिनेव्हियातील नव्या वर्णमालेने ती १६वर आणली. भाषा ज्या काळी प्रथम लिहिली गेली त्या काळचे उच्चार लेखनात गोठवता येतात. इंग्रजीत गुडघ्याच्या शब्दातील न उच्चारला जाणारा ‘क’ तसाच लिहिला जातो. आपल्या भाषेचे लेखन आठव्या शतकात सुरू झाले असे मानले, तर गळालेला ‘स’ कागदावर उरेल की नाही, हे पाचवा नियम कोणत्या शतकात घडला यावर अवलंबून राहील; म्हणून नियमांना ढोबळ का होईना, शतके जोडून ठेवावीत.

यानंतर सलग मजकूर घ्यावा आणि सुटे शब्द पुरे करावेत. ‘भाऊ पाहुण्याला पाणी देतो’ हे वाक्य गॉथिक रूपांवरून ‘ब्रोऽथ़र गिबिथ़ गस्त वतोऽ’ असे उभे करता येते, ज्यात ‘गस्त’चा शेवटचा ‘अ’ उच्चारला जातो. नियमांतून काढल्यावर त्याचे ‘ब्रोऽथ़र यिवथ़ गस्त वत’ होते आणि तो ‘अ’ही नाहीसा होतो. अशी वीसेक वाक्ये मोठ्याने वाचून पाहावीत. जेथे जीभ अडखळते तेथे बहुधा एखादा नियम लावायचा राहिलेला असतो. तो मधे घुसवावा आणि सर्व शब्द पुन्हा पहिल्यापासून चालवावेत.